खाडा

३१ ऑक्टोबर २०२५ला प्रो कबड्डीचा बारावा हंगाम संपला. दिल्लीत, त्यागराज स्टेडियममध्ये. दबंग दिल्लीनं पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवलं. आमचा यू मुंबा त्याआधीच बाहेर पडलेला, त्यामुळे अंतिम सामना मी तसा परक्या लग्नात जेवायला गेल्यासारखा पाहिला. पुण्यानं जिंकावं असं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. (मुंबईकर वाचकांना हे समजावून सांगायला नको. पुण्याच्या नातेवाइकांनी कृपया राग मानू नये.)

पण खरं सांगायचं तर हंगाम संपल्याची जी हुरहूर लागायला हवी ती लागलीच नाही. टीव्ही बंद केला, पाणी प्यायलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी विचार करत बसलो की असं का झालं असेल. वय झालं म्हणावं तर तसंही नाही. उत्तर साधं होतं. आमच्या संघाच्या नावातच मुंबई आहे, आणि अख्ख्या हंगामात तो मुंबईत एकही सामना खेळला नाही. २०२५चे सामने झाले विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथे. त्याच्या आदल्या, म्हणजे २०२४च्या अकराव्या हंगामातले हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात. त्या दोन हंगामांआधी वरळीच्या एनएससीआयमध्ये सामने झाले ते जानेवारी २०२४मध्ये. जी गोष्ट आपल्या गावात सुरूच झाली नाही, ती संपल्याचं कळणार तरी कसं?

आता जरा मागे जातो. २६ जुलै २०१४, प्रो कबड्डीचा पहिलावहिला सामना, वरळीलाच. यू मुंबानं जयपूरला ४५-३१ असं हरवलं. कबड्डी आणि दिव्यांचा झगमगाट या दोन गोष्टी एकत्र बघायची आमच्या पिढीला सवय नव्हती. आम्ही कबड्डी बघितली ती झाडाला बांधलेल्या दोन पिवळ्या बल्बांखाली. अंतिम सामना ३१ ऑगस्टला होता, गणपतीचा तिसरा दिवस. घरी पाहुणे, आरती, मोदक, आणि आम्ही तिघंजण कांजूरहून धीम्या लोकलनं दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं महालक्ष्मी आणि मग चालत. त्या रात्री जयपूरनं आम्हाला ३५-२४ असं लोळवलं. परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही. पण ते दुःख आपलं होतं, आपल्या स्टेशनावर उतरून घरापर्यंत चालत नेण्यासारखं.

पुढच्या वर्षी २३ ऑगस्ट २०१५ला त्याच ठिकाणी बेंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून आम्ही जिंकलो. अनुप कुमार कप्तान. हरयाणाचा माणूस, पण चढाईला निघताना चेहऱ्यावर इतकी शांतता की बाजारात भाजी घ्यायला निघालाय असं वाटावं. त्या संघात आपल्या मुंबईचा विशाल माने होता, आणि इराणहून आलेला एक तरुण कोपरारक्षक होता, फजल अत्राचली. गंमत बघा, २०२५ला दिल्लीनं चषक उचलला तेव्हा त्या संघातही फजल होताच. दहा वर्षांनी! माणूस टिकला, खेळ टिकला, फक्त मधल्या मधे मुंबई गळली.

हे सगळं मी फोनवर माझ्या मावसभावाला सांगत होतो. तो गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये हल नावाच्या बंदराच्या गावी असतो आणि तिथल्या रग्बी लीगच्या नादी लागलाय. त्याचा हंगाम आमच्या आधी संपला होता. ११ ऑक्टोबर २०२५ला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर हल किंग्स्टन रोव्हर्सनं विगनला २४-६ असं हरवलं आणि १९८५नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. चाळीस वर्षं! त्याच्या शेजारचे आजोबा अंगणात खुर्ची टाकून नुसते बसून राहिले होते म्हणे, कोणाशी न बोलता. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "दादा, पण तुझा संघ घरी कधी खेळतो रे?" मी विषय बदलला.

नंतर मात्र त्याच्या या खेळाचा इतिहास वाचत गेलो आणि वाचता वाचता थबकलो. कारण तो इतिहास परका वाटेना. ज्यांना रग्बी लीग ही काय भानगड आहे ते माहीत नाही (मलाही भावामुळेच कळलं) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात लोळत जी रग्बी खेळतात ती रग्बी युनियन. साहेबांची. एका बाजूला पंधरा जण. रग्बी लीग हा तिचाच भाऊ, पण वाटणी होऊन वेगळा झालेला. ही वाटणी कशावरून झाली? तर मजुरीवरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर आणि लँकशरमध्ये कापडगिरण्यांत, कोळशाच्या खाणींत, गोद्यांत काम करणारे लोक रग्बी खेळू लागले आणि चांगलंच खेळू लागले. पण शनिवारीही अर्धा दिवस काम. सामन्याला जायचं, त्यातून परगावी, तर काम बुडणार आणि काम बुडालं की पैसे कापले जाणार. या क्लबांनी मागणी केली की खेळाडूला पगार नको, निदान बुडालेल्या वेळेची भरपाई तरी देऊ द्या. इंग्रजीत याला ते 'ब्रोकन टाइम' म्हणत. मराठीत त्याला चोख शब्द आहे. खाडा.

लंडनच्या मंडळाला हे मान्य नव्हतं. खेळ कसा खेळासाठी खेळावा, त्यात पैशाचा विटाळ नको. ज्यांच्या घरी दिवसाच्या मजुरीवर चूल पेटत नव्हती त्यांना हे म्हणणं अर्थातच सोपं होतं. १८९३ साली ठराव मताला टाकला, तो २८२ विरुद्ध १३६ असा पडला. मग २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. दिवसाच्या खाड्याला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई. एवढ्यासाठी एक अख्खा खेळ दुभंगला! (प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला तोही २९ ऑगस्टलाच, २०२५च्या. अर्थात तो ध्यानचंदांचा जन्मदिवस म्हणून आपला राष्ट्रीय क्रीडा दिन. योगायोग, दुसरं काही नाही.)

पुढे १८९८मध्ये या नव्या मंडळानं खेळाडूला उघड पैसे द्यायला परवानगी दिली, पण एक अट घातली. खेळाडूचं बाहेर कुठेतरी रीतसर काम हवं. नुसता खेळून पोट भरणारा नको. आज वाचताना चमत्कारिक वाटते ना ही अट? मला मात्र ती वाचताना आमचे अण्णा आठवले.

अण्णा, म्हणजे माझे वडील. एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात होते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तेव्हा या रस्त्यावर नुसते भोंगे वाजायचे. विक्रोळीला गोदरेज, आमच्या कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला गेस्ट कीन, सिएट, एशियन पेंट्स. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं डोंगराच्या कुशीत चाळी करून राहिलेली, आणि प्रत्येक चाळीला एक मंडळ, प्रत्येक मंडळाचा एक कबड्डीचा संघ. अण्णा डावा कोपरा खेळायचे. पट काढण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता, असं ते स्वतःच सांगायचे, आणि त्यांच्या मित्रांनी ते कधी खोडून काढलं नाही.

मंडळाकडून खेळायचं म्हणजे खाडा ठरलेला. रात्री उशिरापर्यंत सामना, सकाळी पहिली पाळी, गुडघा सुजलेला. पण कारखान्याच्या संघात निवड झाली आणि चित्र पालटलं. सामन्याच्या दिवशी हजेरी लागायची! खेळायला गेलात तरी तुम्ही कामावर. पगार शाबूत. आईच्या लेखी कबड्डीला प्रतिष्ठा आली ती त्या दिवशी.

म्हणजे ज्या प्रश्नावरून इंग्लंडात खेळ फुटला, तो मुंबईनं न फोडता सोडवला. कोणी ठराव केला नाही की परिषद भरवली नाही. कंपन्यांनी, रेल्वेनं, बँकांनी चांगले खेळाडू नोकरीला घेतले आणि त्यांना खेळायला वेळ दिला. महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, देना बँक, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे... ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकातले सामने पाहिलेत त्यांना ही नावं वाचतानाच गर्दीचा आवाज ऐकू येईल. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा वेगळ्या. एका बाजूला हे व्यावसायिक संघ, दुसऱ्या बाजूला दादरचं अमर हिंद, विजय क्लब, लालबागचं अंकुर यांसारखी स्थानिक मंडळं. पोरगा मंडळात तयार व्हायचा, नोकरीवाले उचलून न्यायचे. अट तीच, १८९८ची. काम हवं. फरक एवढाच की तिथे काम असेल तर खेळाचे पैसे, आणि इथे खेळ असेल तर काम.

तसं पाहिलं तर कबड्डीला कागदावर आणलं तेही आपल्याच मुलखानं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१८च्या सुमारास हुतूतूचे नियम बांधायला घेतले, १९२३मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं ते पुढे नेले. १९३६ला बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. नंतर शंकरराव उर्फ बुवा साळवींनी आयुष्य वेचून कबड्डी देशभर आणि देशाबाहेर नेली. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी दिसली त्यामागे बुवांसारख्यांची पायपीट आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

पण खेळाचं घर नियमांत नसतं, ते वस्तीत असतं. आणि वस्तीचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. गिरणगाव विसकटलं. माणसं डोंबिवलीला गेली, विरारला गेली, काही आमच्याकडे भांडुप-कांजूरला आली. मंडळाच्या पाट्या राहिल्या, पण सराव करायला संध्याकाळी सात वाजता माणूस डोंबिवलीहून लालबागला कसा येणार? उपनगरातले कारखाने जरा उशिरा गेले, पण गेले. आज आमच्या कांजूरच्या खिडकीतून भोंगे नाही, टॉवर दिसतात. देना बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. एअर इंडिया २०२२मध्ये टाटांकडे गेली. या बातम्या लोकांनी पैशांच्या पानावर वाचल्या. मी त्या खेळाच्या पानावरच्या समजून वाचल्या.

याचा हिशेब २०१६ला समोर आला. अहमदाबादच्या विश्वचषकासाठी भारताचे चौदा खेळाडू निवडले, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. एकही! कप्तान आमचाच अनुप कुमार होता, अंतिम सामन्यात इराणला ३८-२९ असं हरवून चषकही जिंकला, मी टाळ्या वाजवल्या. पण त्या चौदा नावांची यादी अण्णांनी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. हरयाणाच्या पोरांचा दोष नाही यात. त्यांच्या गावात आखाडा आहे, दूध आहे, आणि सैन्यात, पोलिसात, रेल्वेत भरतीची वाट अजून शिल्लक आहे. आपल्याकडची वाट बंद झाली होती, एवढंच. जानेवारी २०१८ला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं, तेव्हा अण्णा बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले.

आता कोणी म्हणेल, अहो, पण प्रो कबड्डीनं पैसा आणला त्याचं काय? आणलाच, आणि त्याबद्दल मी चकार शब्द वाईट बोलणार नाही. २०१४च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजार. २०२३मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर मिळाले. ज्या खेळात आयुष्यभर खेळून गुडघे आणि एक ढाल हाती यायची, तिथे हे झालं. खाड्याचा प्रश्नच मिटला. खेळणं हेच काम. इंग्लंडात रग्बी युनियनवाल्यांनाही शेवटी हे मान्य करावं लागलं, तेही ऑगस्ट १९९५मध्ये, फाटाफुटीला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर!

खेळ म्हणूनही बदल वाईट नाहीत. रग्बी लीगमध्ये पूर्वी एक संघ चेंडू घेऊन तासन्‌तास बसायचा, लोक कंटाळायचे. १९६६मध्ये त्यांनी मर्यादा घातली, आधी चार पकडींची, मग सहांची. तेवढ्यात काही केलं नाहीत तर चेंडू समोरच्याला द्या. आपल्या कबड्डीतली तिसरी चढाई म्हणजे तोच विचार. दोन चढाया पोकळ गेल्या की तिसऱ्याला गुण आणा नाहीतर बाहेर बसा. जुने लोक नाकं मुरडतात, पण आघाडी घेऊन मध्यरेषेवर नुसतं फुगडी घालून परत येणारे चढाईपटू मी पाहिलेत. ते गेले ते बरं झालं. तीन किंवा कमी गडी उरलेले असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण, ही तर फारच छान सोय. हरत आलेल्याला शेवटपर्यंत आशा.

माझी तक्रार पैशाची नाही, नियमांचीही नाही. मला खटकतं ते वेगळंच. त्या उत्तरेकडच्या गिरणी कामगारांनी पैसे मागितले, मिळवले, पण खेळ आपल्या गावातच ठेवला. हलच्या गिरण्या-गोद्या, मासेमारी, सगळं आटलं, पण रोव्हर्स दर पंधरवड्याला गावात खेळतात. भावाच्या शेजारचे ते आजोबा चाळीस वर्षं हरणारा संघ बघायला चालत जात होते. चालत! म्हणून चाळीस वर्षांनी अंगणात गप्प बसायचा त्यांना अधिकार होता. आपण उलटं केलं. खेळाडूला मजुरी मिळाली आणि गाव सुटलं. संघ सगळे मिळून एका शहरात उतरतात, तिथले सामने संपले की पुढच्या शहरात. दूरचित्रवाणीला ते सोयीचं असणार, खर्चही वाचत असेल. पण 'यू मुंबा' म्हणून ओरडायला चेन्नईत कोण बसलंय?

आणि हंगाम संपणं म्हणजे तरी काय असायचं पूर्वी? मातीच्या कबड्डीचा हंगाम कोणी जाहीर करत नसे. दिवाळी झाली की मैदानं झाडायची, माती चाळून घ्यायची, पाणी मारून दाबायची, फक्कीनं रेषा आखायच्या. मग जिल्ह्याच्या स्पर्धा, मंडळांचे रौप्यमहोत्सव, कोणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ चषक, परीक्षा झाल्यावर मे महिन्यात तर दिवसाआड सामने. आणि मग जूनमध्ये एका संध्याकाळी सराव चालू असताना टपोरे थेंब यायचे. सुरुवातीला कोणी थांबत नसे. फक्की विरघळून दुधासारखी वाहायला लागली की पंचच शिटी वाजवायचे. संपला हंगाम. कोणी जिंकलेलं नसायचं, कोणी हरलेलं नसायचं. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर.

त्या 'दुसऱ्या दिवशी'ची मला आता काळजी वाटते. लिलावातले कोटी दिसतात ते पाच-दहा जणांचे. बाकीच्यांचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, आणि पुढच्या वर्षी नाव पुकारलं जाईल की नाही याची खात्री नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा चढाईला जातो, उजव्या पायाची लाथ मोठी सुंदर आहे त्याची. वय एकोणीस. सकाळी तो एका ऑनलाइन सामान पोचवणाऱ्या कंपनीच्या पिशव्या मोटरसायकलवर लादून पवई ते मुलुंड फिरतो. ज्या दिवशी सामना त्या दिवशी फेऱ्या नाहीत, आणि फेऱ्या नाहीत म्हणजे पैसे नाहीत. त्याला मी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलाची गोष्ट सांगितली. सहा शिलिंग म्हणजे किती, असं त्यानं विचारलं. साधारण एका दिवसाच्या खाड्याची भरपाई होईल एवढे, असं सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग मला पण चालतील."

असो. बाराव्या हंगामाचं सांगत होतो. दिल्लीचा सामना झाला त्याच आठवड्यात आमच्या इथल्या मंडळाची बैठक होती. माती आणायची आहे, तीन डंपर. पूर्वी ती फुकट मिळायची, आता तिचेही पैसे पडतात. मॅट घ्यावी असं तरुणांचं म्हणणं, कारण पुढे निवड चाचणीला मॅटच असते आणि मातीतल्या पोरांचे पाय तिथे अडकतात. म्हाताऱ्यांना माती हवी. मी अर्थातच मातीच्या बाजूनं बोललो आणि मत मॅटला दिलं. वर्गणीचं पुस्तक माझ्याकडे आहे. कांजूर-भांडुपच्या नातेवाइकांनी लक्षात ठेवावं, रविवारी सकाळी मी येणार आहे.